एका खेळाडूची वाट पाहत आहे

३ ऑक्टोबर

दादा,

वर मायना लिहिलेला नाही. मोठ्या भावाला काय लिहितात ते मला येतं. प्रेसमध्ये मी रोज लोकांचे मसुदे तपासतो. पण मनात नसलेलं कागदावर उतरवणं जिवावर येतं, म्हणून ती जागा रिकामी सोडली.

फोन न करता पत्र का, असं तू म्हणशील. फोनवर तू मधेच बोलतोस. मी एक वाक्य जुळवेपर्यंत तुझी तीन झालेली असतात आणि शेवटी 'बरं, ठेवतो' मीच म्हणतो. कागदावर तुला मधे बोलता येणार नाही. शिवाय रजिस्टर केलं की पोच मिळते. पोच आली म्हणजे 'मला मिळालंच नाही' हे तुझं नेहमीचं वाक्यही गेलं.

मुद्दा एकच आहे. माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात लिहिलं आहे : 'चोरीच्या प्रकारावरून नाव कमी केले.' दहा वर्षं मी तो दाखला कपाटात तळाशी ठेवला, कारण प्रेसमध्ये तो कोणी मागितला नाही. आता लागतो आहे. मी सहा महिने संध्याकाळी प्रशिक्षण केंद्रात प्रोग्रॅमिंग, म्हणजे गेम वगैरे बनवायला, शिकतो आहे. पुढच्या वर्षाच्या वर्गाला दहावी पास लागते. बाहेरून दहावीला बसायच्या अर्जाला मूळ दाखला जोडावा लागतो, आणि असा शेरा असलेला दाखला ते घेत नाहीत. अर्जाची शेवटची तारीख ३० नोव्हेंबर.

मी शाळेत जाऊन आलो. जुने हेडमास्तर निवृत्त झाले. नव्या मुख्याध्यापिका आहेत. त्यांनी जुनं रजिस्टर काढून वाचलं आणि म्हणाल्या, "ज्यानं केलं त्यानं सहीनिशी लिहून दिलं तर मी शेरा बदलते. नुसत्या तुमच्या बोलण्यावर नाही."

म्हणजे तुझी सही. चार ओळी पुरतील : आंतरशालेय प्रश्नमंजुषेच्या आदल्या दिवशी कार्यालयातल्या कपाटातून प्रश्नपत्रिका मी घेतली. ती धाकट्या भावाच्या दप्तरात मी ठेवली. त्याला माहीत नव्हतं. खाली सही, तारीख.

सोबत मसुदा टाइप करून जोडला आहे. तुला फक्त सही करायची आहे. मी दोनदा तपासला आहे.

धाकटा


१४ ऑक्टोबर

दादा,

पोच आली. त्यानंतर तुझा मेसेजही आला : 'तू तेव्हा स्वतःच हो म्हणालास. आता जुनं उकरू नकोस. आणि हे गेम वगैरे करण्यात वेळ घालवू नकोस, त्यात काही नाही.'

एकेक घेतो.

मी हो म्हणालो, हे खरं. हेडमास्तरांच्या टेबलावर माझ्या दप्तरात सापडलेला तो कागद होता, तू माझ्या उजवीकडे उभा होतास आणि माझ्याकडे बघत होतास. तू काही बोलला नाहीस. मी तेरा वर्षांचा होतो. मला वाटलं, आठवीतल्या मुलाला फार तर आठवडाभर घरी बसवतील. दहावीतल्याचं वर्ष जाईल. मी हिशेब केला आणि तो चुकला. पण तू सोळा वर्षांचा होतास, दादा. तुला हिशेब करायचीही गरज पडली नाही.

आणखी एक सांगतो, म्हणजे मी स्वतःला धुतल्या तांदळासारखा म्हणवतो असं तुला वाटायला नको. स्पर्धेच्या दिवशी आपण दोघं शाळेकडून व्यासपीठावर बसलो होतो, तिथंच मला कळलं होतं. बाई प्रश्न वाचत होत्या आणि तू प्रश्न पुरा व्हायच्या आत घंटा दाबत होतास. 'कोणत्या नदीच्या...' एवढं झालं की तुझं उत्तर तयार. मी गप्प बसलो. टाळ्या वाजत होत्या आणि अर्ध्या माझ्या होत्या. त्या कागदाबद्दल मला माहीत नव्हतं, पण काहीतरी आहे हे माहीत होतं. तुझ्यासाठी केलेल्या मसुद्यात 'त्याला माहीत नव्हतं' लिहिलं आहे, ते कागदापुरतं खरं आहे. त्यापुढचं माझं मी बघेन.

आता गेम. 'त्यात काही नाही' म्हणालास, तर ऐक. आम्हाला पहिला मोठा प्रकल्प म्हणून प्रश्नमंजुषाच दिली आहे. मी मागितली नव्हती. मॅडमनी फळ्यावर पाच विषय लिहिले आणि चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या चिठ्ठीवर होतं : अनेक खेळाडूंची प्रश्नमंजुषा. प्रत्येकानं आपापल्या फोनवरून यायचं, सगळ्यांना एकाच वेळी तोच प्रश्न, आणि मधल्या कॉम्प्युटरनं, म्हणजे सर्व्हरनं, गुण मोजायचे. मी चिठ्ठी बदलून मागितली. मॅडम म्हणाल्या, "का, घाबरलात?" मी नाही म्हणालो.

पहिल्या दिवशी वर्गात चालवून बघितली. आमच्यात एक वायरमन आहे, पन्नाशीचा, शिडीवरून पडल्यापासून बसून करायचं काम शोधतो आहे. त्यानं दहाच्या दहा बरोबर दिली, प्रत्येक एका सेकंदात. मला वाटलं माणूस हुशार आहे. तो म्हणाला, "छे हो. तुम्ही प्रश्नासोबत उत्तरंही माझ्याकडे पाठवलीत. मी फक्त झाकण उघडून बघितलं."

खरं होतं. मी दहा प्रश्न आणि त्यांची उत्तरं सुरुवातीलाच प्रत्येक खेळाडूच्या यंत्रात टाकत होतो. पडद्यावर दिसत नव्हती एवढंच.

मॅडम म्हणाल्या, "पेपर आणि उत्तरपत्रिका एकाच पाकिटात वाटलीत की हो."

सगळे हसले. वायरमन म्हणाला, "मी चोर नाही बरं का. दारच उघडं होतं."

मी पाणी प्यायला बाहेर गेलो. परत आलो आणि सगळा कोड पुसून पुन्हा लिहायला घेतला. आता उत्तरं फक्त सर्व्हरपाशी असतात. खेळाडूकडे फक्त प्रश्न जातो. तुझ्यासारख्याला आता झाकण उघडून काही मिळणार नाही.

मसुद्यावर सही कर.

धाकटा


२७ ऑक्टोबर

दादा,

पोच आली, सही आली नाही. आईकरवी निरोप मात्र आला. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "तो म्हणतो, त्याच्या ऑफिसात असली पत्रं गेली तर त्याची नोकरी धोक्यात येते. तू जरा समजून घे."

मी म्हणालो, "पत्र शाळेत जाणार आहे, त्याच्या ऑफिसात नाही."

"तरी कागद तो कागद."

"आई, माझाही कागदच आहे."

ती म्हणाली, "दोघंही माझ्या डोक्याला ताप आहात," आणि देठं उचलून आत गेली.

आईला मधे घालायचं हे नवीन नाही. लहानपणीही तू मारायचास आणि आईच्या पाठीमागे जाऊन उभा राहायचास. तेव्हा निदान तुझे पाय दिसायचे.

तुझ्या क्षेत्रातला एक प्रश्न विचारतो, तुला उत्तर नक्की माहीत असेल. माझी प्रश्नमंजुषा अशी आहे की सगळ्यांनी उत्तर दिलं की पुढचा प्रश्न येतो. परवा वर्गात सातजण खेळत होतो. पाचव्या प्रश्नाला वायरमनला फोन आला, त्याची मुलगी दारात किल्ली विसरून बसली होती. तो उठून गेला. झालं. सहाजण आपापले फोन धरून बसलो, आणि सगळ्यांच्या पडद्यावर मी स्वतः लिहिलेलं वाक्य : 'एका खेळाडूची वाट पाहत आहे.' पाच मिनिटं. दहा मिनिटं. एकीनं विचारलं, "हे आपोआप जाईल का?" मी म्हणालो, बघतो. गेलं नाही. सर्व्हर बंद करावा लागला आणि सगळ्यांचे गुण गेले.

मी मॅडमना विचारलं, यावर उपाय काय.

"किती वेळ थांबायचं ते ठरवा. वेळ संपली की गेलेल्याला वगळायचं आणि पुढे जायचं."

"किती वेळ बरोबर?"

"ते पुस्तकात नसतं. कोणासाठी थांबताय त्यावर आहे."

मी वीस सेकंद ठेवले. आता कोणी उठून गेलं तर वीस सेकंदांनी खेळ त्याच्याशिवाय पुढे जातो. माझ्यापुढच्या पडद्यावर एक बटणही ठेवलं आहे, 'वगळा'. वेळेआधीच एखाद्याला काढायचं असेल तर.

तू तीन वर्षांत घरी आलेला नाहीस. मागच्या खेपेला जिन्यात उभा राहून मला काय म्हणालास ते मी इथे लिहीत नाही, कारण तुला आठवतं. मला फक्त एवढं विचारायचं आहे की तुझी वाट किती सेकंद बघायची.

३० तारखेला चौतीस दिवस राहिले.

धाकटा


९ नोव्हेंबर

दादा,

या पत्राला उत्तर नाही दिलंस तरी चालेल. यात विनंती नाही.

रविवारी, १५ तारखेला, दुपारी चार वाजता घरचे सगळे माझी प्रश्नमंजुषा खेळणार आहेत. मॅडमनी सांगितलं आहे, वर्गाबाहेरच्या, वेगवेगळ्या ठिकाणी बसलेल्या लोकांबरोबर एकदा चालवून बघा आणि नोंद आणा. आई, बाबा, तू आणि वहिनी. मी घरच्या ग्रुपवर लिंक टाकली आहे. वहिनींनी लगेच लिहिलं : 'आम्ही दोघं नक्की! भावजी, बक्षीस काय?' म्हणजे तुला आता अंग काढून घ्यायचं तर कारण त्यांना सांगावं लागेल.

दहा प्रश्न आहेत. नऊ साधे आहेत, ग्रह, धातू, हाडं, राजधान्या. दहावा तुला आधीच सांगून ठेवतो. बघ, मी उलटं करतो आहे. प्रश्नपत्रिका आठवडाभर आधी मीच तुला देतो आहे.

'शाळेच्या कार्यालयातून प्रश्नमंजुषेचा कागद कोणी घेतला?
अ) थोरल्याने
ब) धाकट्याने
क) शिपायाने
ड) माहीत नाही'

बरोबर उत्तर 'अ' म्हणून सर्व्हरमध्ये भरलं आहे. सगळ्यांची उत्तरं आली की ते हिरव्या रंगात सगळ्यांना दिसेल. वहिनींनाही. त्यांना तू काय सांगितलं आहेस ते मला माहीत नाही. काहीच सांगितलं नसशील, असं धरून चालतो.

शनिवारच्या टपालानं तुझी सही आली तर दहावा प्रश्न बदलतो. सूर्यमालेतला सर्वांत मोठा ग्रह कोणता, हा तयार ठेवला आहे.

याला काय म्हणतात ते मला कळतं. तू मेसेजमध्ये तो शब्द वापरशील. वापर. शब्द बरोबर आहे. पण दहा वर्षं दुसरा शब्द माझ्या दाखल्यावर आहे, आणि तो चूक आहे.

धाकटा


१६ नोव्हेंबर

दादा,

शनिवारी टपाल आलं. विजेचं बिल होतं.

काल काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे, कारण अर्ध्यात तू निघून गेलास. मी क्रमानं लिहितो.

केंद्रातून लॅपटॉप आणला होता. बाबा खिडकीपाशी खुर्चीत, आई पलंगावर, मी जेवणाच्या टेबलाशी. मधे आईचा दुसरा फोन स्पीकरवर, तुमच्या आवाजासाठी. प्रत्येकानं टोपणनाव घ्यायचं होतं. बाबांनी 'अध्यक्ष' घेतलं. आईनं विचारलं, "काय घेऊ?" बाबा म्हणाले, "घे काहीही, जिंकायचं थोडंच आहे." मग तिनं 'बघू आता' असं टाकलं. वहिनी 'वाघीण'. आणि तुझं आलं : 'विजेता'.

मी ते वाचलं. आईनंही वाचलं आणि चष्मा पुसायला काढला.

सुरुवात चांगली झाली, हे मान्य कर. एकही प्रश्न अडकला नाही. तिसऱ्याला वहिनी म्हणाल्या, "भावजी, हे सगळं तुम्ही स्वतः केलं?" आणि मागून तुझा आवाज, "कुठून तरी उचललं असेल."

वहिनी म्हणाल्या, "अहो, काय बोलता!"

"गंमत केली."

इकडे कोणी हसलं नाही. आई म्हणाली, "माझं बटण दाबलंच जात नाही." मी म्हणालो, "आई, ते बटण नाही, तो प्रश्न आहे." "मग बटणासारखा कशाला केलास?" वहिनी खूप हसल्या. मी वहीत लिहून घेतलं : प्रश्नाची चौकट आणि बटण वेगळ्या रंगांत हवीत. आईनं काढलेली चूक मॅडमना सापडली नव्हती.

नऊ प्रश्न झाले. तू सर्वांत पुढे होतास. खरे गुण होते, मी तपासले. तुला येतं, दादा. तुला तेव्हाही येत होतं. चोरायची काय गरज होती, हे मला आजवर कळलेलं नाही.

मग दहावा आला.

आधी वहिनींचा आवाज : "हे काय? हा तुमच्या शाळेतला का?" मग दाबल्याचा टक् आवाज. मग, आईचंही दाबून झाल्यावर, तू म्हणालास, "नेट गेलं वाटतं." आणि चारही पडद्यांवर ते वाक्य : 'एका खेळाडूची वाट पाहत आहे.'

वहिनी म्हणाल्या, "अहो, नेट कुठं गेलंय? तुमच्या फोनवर तर..." आणि स्पीकर बंद झाला.

तुला वाटलं असेल की वीस सेकंदांत खेळ पुढे जाईल, तुला वगळून. मागच्या महिन्यातल्या पत्रात मी तसं लिहिलं होतं. पण दहाव्या प्रश्नाची वेळमर्यादा मी काढून ठेवली होती. तू दाबेपर्यंत उत्तर दिसणार नव्हतं. म्हणजे तुझ्या हातानंच दिसायला हवं होतं.

आम्ही अकरा मिनिटं बसलो. 'वगळा' बटण माझ्या पडद्यावर होतं. एकदा दाबलं असतं तर हिरवं 'अ' सगळ्यांच्या फोनवर गेलं असतं, वहिनींच्याही. माझं बोट त्यावर होतं. मी दाबलं नाही. चांगुलपणानं नाही, मला ते तुझ्याकडून हवं होतं, यंत्राकडून नको होतं. शेवटी आई म्हणाली, "मिटव रे ते आता." मी लॅपटॉप मिटला. बाबा फिरायला जातो म्हणाले आणि चप्पल न घालता जिन्यापर्यंत गेले.

हे झालं तुला माहीत असलेलं आणि थोडं जास्त. आता न माहीत असलेलं. सर्व्हर प्रत्येक उत्तराची नोंद ठेवतो : कोणी काय दाबलं, किती सेकंदांनी. खेळ पुरा झाला नाही तरी नोंद राहते. आज दुपारी जेवणाच्या सुटीत केंद्रात जाऊन मी ती उघडली.

वाघीण : ब. पाच सेकंद.

पाच सेकंद, दादा. प्रश्न वाचायलाच तेवढे लागतात. म्हणजे त्यांना विचार करावा लागला नाही. त्यांना तू सांगितलेलं आहेस, आणि काय सांगितलं आहेस तेही मला आता कळलं. 'भावजी, भावजी' करत त्या माझ्याशी इतक्या गोड बोलतात, ते एका चोराशी. त्यांच्याबद्दल माझा आदर वाढला. तुझ्याबद्दल काय झालं ते लिहीत नाही.

बघू आता : ड. दोन मिनिटं चाळीस सेकंद.

अध्यक्ष : अ. चार सेकंद.

मला वाटलं बाबांचं बोट चुकून पडलं. मी बाकीच्या नऊ नोंदी बघितल्या. बाबा प्रत्येक शब्दावर बोट ठेवून वाचतात. एकाही प्रश्नाला त्यांना चौदा सेकंदांहून कमी लागलेले नाहीत. 'अ' त्यांनी नऊ प्रश्नांत एकदाच दाबला होता. मी कागदावर मांडून बघितलं, तीनदा. चुकून नाही.

मी तुला सहा आठवडे विचारतो आहे. उत्तर खिडकीपाशी बसलेलं होतं.

धाकटा


२९ नोव्हेंबर

दादा,

तुझी सही आता नको.

मी १८ तारखेला शाळेत गेलो आणि मुख्याध्यापिकांना विचारलं, भावाऐवजी वडिलांनी लिहून दिलं तर चालेल का. त्यांनी रजिस्टर फिरवून माझ्यापुढे धरलं. म्हणाल्या, "नाव कमी करायला पालक म्हणून सही त्यांचीच आहे. त्यांचं आधी चालेल. तुम्ही भावाच्या मागे कशाला लागलात?"

मी ती सही पुन्हा एकदा वाचली.

बाबांना मी रविवारी सकाळी विचारलं. आई बाजारात गेली होती. ते दाढी करत होते, मी मोरीच्या दारात उभा राहिलो.

"तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी आरशातून बघितलं. "काय?"

"दहावा प्रश्न."

वस्तरा थांबला. "त्या यंत्रात ते दिसतं होय?"

"सगळं दिसतं. कधीपासून माहीत होतं?"

"तू 'मी घेतला' म्हणालास तेव्हापासून. तू कपाटाच्या वरच्या फळीला पोचत तरी होतास का?"

"मग तिथं बोलला का नाहीत?"

"त्याची दहावी होती."

"आणि माझी?"

"तुझी अजून यायची होती," बाबा म्हणाले, आणि गालावरचा साबण पुसायला लागले. अर्धीच दाढी झाली होती.

मी ओरडलो नाही. मला ओरडता येत नाही, तुला माहीत आहे. मी म्हणालो, "महिन्याभरात मला प्रेसमध्ये तुम्हीच नेऊन लावलंत. मालकाला म्हणालात, शाळेत याचं मन रमत नाही. मी ऐकत होतो."

ते म्हणाले, "दोघांतला एक तरी..." आणि वाक्य तिथंच सोडलं.

एक तरी. मी दुसरा.

संध्याकाळी त्यांनी स्वतःहून कागद मागितला. जेवणाच्या टेबलाशी बसून लिहिलं. पहिल्या खेपेला लिहिलं, 'नुकतेच मला समजले की'. मी कागद परत केला.

"काय झालं?"

"चूक आहे."

"शेरा बदलला की झालं ना तुझं काम?"

"नाही झालं."

दुसऱ्या खेपेला 'काही काळापूर्वी समजले' असं लिहिलं. मी तोही परत केला. आई चहा घेऊन आली होती, ती म्हणाली, "अरे, म्हाताऱ्या माणसाला किती छळशील?" मी म्हणालो, "तुझं उत्तर 'ड' आहे, तू बोलू नकोस." हे मी बोलायला नको होतं. तिला काय ते कळलं, कारण ती कप टेबलावर ठेवून सरळ आत गेली आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. तू आईशी असं कधी बोलला नाहीस. तुझी एक बाजू चांगली आहे म्हणून लिहून ठेवतो.

तिसऱ्या खेपेला बाबांनी लिहिलं : 'सदर कागद माझ्या थोरल्या मुलाने घेतला होता, हे मला त्याच दिवशी माहीत होते. तरी मी सही केली.' अक्षर वाचता येतं. मी एकही शब्द बदलला नाही.

मुख्याध्यापिकांनी ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. म्हणाल्या, "त्याच दिवशी? मग दहा वर्षं?"

मी म्हणालो, "मी त्यांना कधी विचारलं नव्हतं."

त्यांनी नवा दाखला स्वतः लिहिला. वर्तणूक : 'चांगली.' काल अर्ज भरला, दोन दिवस हातात ठेवून. प्रकल्पही पास झाला. मॅडमनी एकच शेरा मारला, की दहाव्या प्रश्नाची वेळमर्यादा का काढली ते कोडमध्ये लिहिलेलं नाही. कारण लिहीत चला.

बाबा आता मी घरी आलो की टीव्हीचा आवाज कमी करतात. पूर्वी करत नव्हते. जेवताना माझ्या ताटात आधी वाढायला सांगतात. मला ते सहन होत नाही, पण मी जेवतो.

धाकटा


८ डिसेंबर

दादा,

वहिनींचा मेसेज आला होता : 'भावजी, त्या दिवशी आमचं अडकलं. दहाव्याचं उत्तर काय होतं हो? हे सांगतच नाहीत.' मी लिहिलं, त्यांनाच विचारा. त्यापलीकडे काही लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही. ते तुझं काम.

काल तुझं पाकीट आलं. रजिस्टर. तू कधी रजिस्टर केलं नव्हतंस. जाड आहे, नुसत्या सहीच्या मसुद्यापेक्षा तीनचार कागद तरी जास्त असतील. पाठवल्याचा शिक्का तीस तारखेचा आहे. शेवटची तारीखही तीच होती, हे तुझ्या लक्षात होतं की नव्हतं ते मला ठरवता येत नाही.

मी ते उघडलेलं नाही. या पत्रासोबत तसंच परत पाठवतो आहे. चिकटवलेली कड तपासून घे.

कारण लिहितो, मॅडम म्हणतात तसं. त्यात तू पुन्हा हात झटकले असशील तर मला नवीन काही कळणार नाही. पण कबूल केलं असशील, नीट, मनापासून, तर मला तुझ्यावरचा राग सोडावा लागेल. आणि तो सोडला तर सगळा बाबांवर जाईल. बाबा रोज समोर असतात. त्यांना गोळ्या मी देतो, जिना उतरताना हात मी धरतो. त्यांच्यावर रागावून मला या घरात राहता येणार नाही, आणि दुसरीकडे जायला मला जागा नाही. तू लांब आहेस. तुझ्यावर रागावणं मला परवडतं.

म्हणून अजून काही वर्षं तू तसाच राहा.

या पत्राची पोच मागवलेली नाही.

धाकटा